टाळूवरचा हात

मालनआत्या कशालाही हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायची. हिवाळा असो की उन्हाळा. भाकरीचं पीठ मळताना, शेळीच्या कासेला हात घालताना, एवढंच काय, बाजारात कलिंगड उचलून बघतानासुद्धा. आधी तळवे चोळायचे, मग ते स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि मगच हात पुढं करायचा. कुणी हसलं तर म्हणायची, "गार हात कुणाला आवडतोय? कलिंगडाला तरी का आवडावा?"

ही सवय तिला तान्ह्या पोरांमुळं लागलेली. न्हावऱ्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर कुणी बाळंत झालं की न्हाऊ घालायला आत्याला बोलावणं यायचं. न्हाणीत पाट टाकून ती लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची, पाय लांब सोडायची आणि पोराला नडग्यांवर पालथं घालायची. शेजारी तांब्याचं घंगाळ. ते तिचं स्वतःचं. दुसऱ्याच्या बादलीतलं पाणी तिला चालायचं नाही. पोर रडायला लागलं की ती त्याच्याशी भांडायची. "रड, रड. लई शहाणी. तुझ्या आज्यालाबी ह्याच पायावर घेतलंय. तो तर मुतला व्हता." आंघोळ झाली, धुरी झाली, की शेवटी टाळू भरायची. डोक्यावरच्या त्या मऊ जागेवर, जिथं हाड अजून जुळलेलं नसतं, तिथं तेलाचा तळवा ठेवायची आणि डोळे मिटून बसायची. पोर गप्प व्हायचं.

"टाळू म्हंजी पोराचं दार," ती म्हणायची. "भूक, ताप, दुखणं, समदं तिथं कळतंय. हाताला इचार, हात सांगतो."

मी तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. माझी आई मला जन्म देऊन आठवड्याच्या आत गेली. आत्या तोवर नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. तिनंच मला वाढवलं. ज्यांना आई असते त्यांना हे सांगून कळणार नाही, म्हणून जास्त सांगत नाही. आणि हे लिहितोय म्हणून आमचं भांडण मिटलं असंही कुणी समजू नये. समोरचा माणूस उठून गेला म्हणून भांडण मिटत नसतं.

तिचं मोल ठरवायची रीत निराळी होती. एका बागायतदाराच्या घरी नातू झाला तेव्हा तिथली पाटलीण म्हणाली, "मालनआत्या, तुमचं काय द्यायचं ते आधी बोला. मागून वाद नको."

"सव्वा महिना सून हंडा उचलणार न्हाई."

"अवो, पर तुमचं काय?"

"माझंच सांगतीया."

"आन् लुगडं?"

"ते तर हायच. ते काय मेहरबानीचं हाय व्हय?"

पाटलीण हसली, हो म्हणाली. थोड्याच दिवसांनी आत्या सकाळी त्यांच्या फाटकाशी पोचली तर सून नळावर वाकलेली, कमरेवर कळशी. आत्या फाटकातूनच परत फिरली. दुपारी पाटलीण स्वतः आमच्या दारात. पोरगं कसं रडतंय, दुसऱ्या बाईच्या हाती कसं जात नाही, एकच कळशी होती, तीही लहान, असं किती वेळ बोलत राहिली. आत्यानं तिला चहा दिला, बसायला पाट दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. बोलून बोलून पाटलीण दमली आणि म्हणाली, "बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं."

"मग आता दोन महिने," आत्या म्हणाली आणि तळवे चोळत उठली.

सौद्यात गप्प बसणं हे हत्यार आहे, हे मी तिच्याकडून शिकलो. शिरूरला मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान टाकायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी विशीत होतो. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेला एक माणूस वाइंडिंगचं मशीन विकतोय असं कळलं. आत्या म्हणाली, "म्या येती." मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं? ती म्हणाली, "मशीन तू बघ. म्या माणूस बघती."

त्या माणसानं भाव सांगितला. माझं तोंड उतरलं. आत्यानं मात्र त्याच्या ओट्यावर फडकं पसरलं, भाकरी सोडली, कांदा बुक्कीनं फोडला आणि निवांत जेवायला लागली. भावाबद्दल हूं नाही की चूं नाही. त्यालाही चतकोर दिली. त्याची बायको आतून ठेचा घेऊन आली. तो अस्वस्थ झाला. मशीन किती जुनं, किती चांगलं, मुलगा बाहेरगावी आहे, जागा अडते, असं आपणहून सांगू लागला आणि जागा अडते म्हणताना स्वतःच खाली उतरला. भाकरी संपेपर्यंत आणखी उतरला. आत्यानं हात धुतले आणि विचारलं, "मशीन टेंपूत कोण चढवून देणार?" तेही त्यानंच चढवून दिलं.

परत येताना मी म्हणालो, "आत्या, तू काय जादू केलीस?"

"पयला भाव कवाच खरा नसतो, भाना. माणूस खोटं बोलत न्हाई, पर भाव बोलतो. गप बसलं की खरा भाव आपसूक येतो."

या एका वाक्यावर मी धंदा उभा केला. जुन्या मोटारी घ्यायच्या, भरून विकायच्या. दौंडपासून रांजणगावच्या कारखान्यांपर्यंत मला ओळखतात, आणि भानुदासशी घासाघीस करू नये असं माझ्या पाठीमागं म्हणतात. म्हणू देत. दुकान बांधलं, मागं घर बांधलं, एकुलत्या एका पोरीचं, रूपालीचं, लग्न केलं. जावई सागर रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. गरीब स्वभावाचा आहे. त्याच्यासमोर कुणी मोठ्यानं बोललं तरी तो स्वतःच्या चपलांकडं बघतो.

रूपाली शिरूरच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. त्या दिवशी मी दौंडला एका बंद पडलेल्या गिरणीच्या मोटारी बघायला गेलो होतो. दवाखान्यात माझी बायको शोभा होती, सागर होता आणि आत्या होती. न्हावऱ्याहून पहिल्या एसटीनं घंगाळ घेऊन आली होती. तिथं जे झालं ते मला शोभानं सांगितलं, सागरनं सांगितलं आणि पुढं आत्यानंही सांगितलं. तिघांच्या सांगण्यात शब्दाचा फरक नाही.

सिस्टर ट्रे घेऊन आली. म्हणाली, बाळाला पोलिओचे थेंब द्यायचेत, बीसीजी आणि कावीळीची लस द्यायचीय, आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्यायचंय. बाळ आत्याच्या मांडीवर होतं. तिनं पदर पुढं ओढला.

"पाचवी पुजल्याबिगर सुई न्हाई."

हा तिचा नेम होता. पाचव्या दिवशी सटवाई येऊन पोराचं नशीब लिहिते, तोवर पोराच्या अंगातून रक्ताचा थेंब निघू द्यायचा नाही. गावात किती घरांनी तिच्या शब्दावर हा नेम पाळला असेल, सांगता येणार नाही. बाळ कुणाच्या हाती द्यायला ती तयार होईना, तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. शांत बाई. त्यांनी खुर्ची ओढली, आत्याच्या समोर बसल्या.

"आजी, लसी एखादवेळी थोड्या मागंपुढं झाल्या तर बघता येईल. पण हे व्हिटॅमिन केचं इंजेक्शन आत्ताच द्यायचं असतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात हे फार थोडं असतं, आईच्या दुधातूनही पुरेसं मिळत नाही. ते कमी पडलं की रक्त गोठत नाही. मग आत कुठंही रक्तस्राव होऊ शकतो, डोक्यातसुद्धा. क्वचितच होतं. पण होतं तेव्हा वेळ मिळत नाही."

आत्यानं ऐकून घेतलं आणि गप्प बसली. पाटलिणीसमोर बसली होती तशी. दौंडच्या ओट्यावर बसली होती तशी.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. आत्या गप्प. त्यांना आतून बोलावणं आलं, कुणीतरी अडली होती. उठता उठता त्या सागरला म्हणाल्या, "तुम्ही वडील आहात. तुम्ही सांगा." सागरनं चपलांकडं बघितलं. म्हणाला, "आजी म्हणतील तसं."

तेव्हा आत्या बोलली. "बाई, तुमचं न्हाई, माझं न्हाई. थेंब आत्ता पाजा. सुया पाचवी झाली की. म्या कुठं पळून चाललीया का? सवता घिऊन येती."

"नक्की आणा. इथंच आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गेल्या.

आत्याला वाटलं, सौदा झाला. शोभा सांगते, ती खुशीत होती. "डॉक्टरीण लई शिकल्याली, पर वाकली," असं म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळलाही. पाचवी पुजली, मग सरकारी दवाखान्यात लसीचा वार होता त्या दिवशी ओवीला कुंचीत गुंडाळून स्वतः घेऊन गेली. ओवी हे नाव रूपालीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. दंडावर बीसीजी टोचून आली. आल्या आल्या मला दुकानात दाखवलं, "बघ. झाली सुई. मालन शब्दाला पक्की हाय." पण ते दुसरं इंजेक्शन त्या लसीच्या टेबलावर नसतंच. ते जन्मल्या जन्मल्या दवाखान्यात द्यायचं. आत्याच्या लेखी सुई ती सुई. सौद्यातली एक वस्तू राहून गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाकी तो महिना आमच्या घरात सण होता. पहाटेपासून न्हाणीत आत्याची बडबड. "ए आमदारीनबाई, पाय सोडा. नाक वर करा. कुणावर गेलीय? आज्यावर. म्हंजी आता आपलं काय खरं न्हाई." मी दुकानात कॉइल भरता भरता ऐकायचो. मधे एकदा ओवीच्या बेंबीशी जरासं रक्त दिसलं. आत्यानं हळद दाबली, थांबलं. असं होतं कधीकधी, ती म्हणाली, आणि तिनं आमच्यापेक्षा जास्त पोरं पाहिली होती.

एका सकाळी न्हाणीतली बडबड थांबली.

पाण्याचाही आवाज नाही. मी हातातलं काम ठेवून मागं गेलो. ओवी नडग्यांवर उताणी, अंग ओलं, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या दिवसापासून ती नीट प्यायली नव्हती. आत्याचा तेलाचा तळवा टाळूवर होता, पण आत्यानं डोळे मिटले नव्हते. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"भाना, गाडी काढ."

"काय झालं?"

"टाळू वर आलीया. दगडावानी लागतीय." मग ओरडली, "गाडी काढ की रं!"

शिरूरच्या दवाखान्यानं लगेच पुण्याला पाठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये रूपाली, सागर आणि आत्या. मी मागं गाडीत. पुण्यात डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का?"

 मग आत्यानं विचारलं, "म्हंजी डॉक्टरीण सांगत व्हत्या, ते?"

त्यांनी प्रयत्न केले. करत होते ते आम्ही काचेतून बघत होतो. ओवी आमच्या हाती परत आली नाही.

लोक भेटायला यायचे. आमच्याकडं अशा वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. तेवढंच आयुष्य होतं. सटवाईनं लिहिलेलं कुणाला पुसता येतं? मला वाटतं, आम्हीही सगळे त्यावर टेकून बसलो असतो. एक म्हातारी तेच म्हणाली आणि कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला.

"सटवाईला कशाला बोल लावता? तिनं न्हाई लिव्हलं. डॉक्टरीण समोर बसून सांगत व्हती. म्या सौदा केला."

 भिंतीला टेकलेल्या रूपालीनं त्या दिवसांत पहिल्यांदा मान वर करून कुणाकडं तरी बघितलं.

लोक गेल्यावर मी आत्यावर तुटून पडलो. माझा राग गावाला माहीत आहे. पोर माझ्या लेकीची, घर माझं, डॉक्टर सांगतेय, आणि मला एक फोन करायला काय झालं होतं? दौंड काय सातासमुद्रापलीकडं आहे? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "केला असता तर काय म्हणला असतास, भाना?"

मी काही बोलायच्या आत तिनंच उत्तर दिलं. "आत्याला इचारा, म्हणला असतास."

मी कोपऱ्यातलं घंगाळ लाथेनं उडवलं. ते न्हाणीच्या दगडावर आपटलं, कड दबली. माझ्या घरातून चालती हो, म्हणालो. तिनं घंगाळ उचललं, दबलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, डोक्यावर घेतलं आणि एसटी स्टँडकडं निघून गेली. शोभा मागं धावली. मी धावलो नाही. मला आजही वाटतं, त्या दिवशी माझं काही चुकलं नाही.

यापुढचं मला न्हावऱ्याच्या हमीदाभाभीकडून कळलं. हमीदाभाभी मुलाणी आत्याची शेजारीण. दोघी आयुष्यभर एकमेकींना टोचत आल्या आणि एकमेकींशिवाय चहा प्यायल्या नाहीत. भाभी म्हणाली, आत्यानं महिनाभर घंगाळ पालथं घालून ठेवलं. बोलावणी येत होती. लोकांना वाटत होतं, शिरूरच्या घरात काहीतरी दुखणं झालं, त्यात हिचा काय दोष? गप्प बसली असती तर तिचं नाव तसंच राहिलं असतं. मग भाभीची नातसून दौंडला माहेरी बाळंत झाली तेव्हा आत्या आपणहून म्हणाली, "हमीदा, म्या येती. सुई दिल्याशिवाय सोडायची न्हाई."

"तू येऊ नको," भाभी म्हणाली. "आमची माणसं शिकलेली आहेत, देतात."

"तरी येती."

वॉर्डात गेल्या तर मुलाण्यांच्या बाळाला सगळं देऊन झालं होतं. पण शेजारच्या खाटेवर वाद चालला होता. सिस्टर ट्रे घेऊन उभी, आणि एक आजी बाळाला पदराखाली घेऊन बसलेली. "पाचवीबिगर सुई न्हाई. आमच्यात नेम हाय. न्हावऱ्याची मालनआत्या सांगती, हजार पोरं न्हाऊ घातल्याली बाई हाय ती. ती काय येडी हाय?"

आत्या त्या खाटेपाशी गेली. 

"ती मालनआत्या म्याच," ती म्हणाली. "येडीच हाय. सुई राहिली आन् माझी पणती मातीत गेली. ह्या हाताखाली गेली. द्या ते पोर सिस्टरकडं."

सगळा वॉर्ड बघत होता. त्या आजीनं पदर बाजूला केला.

परतीच्या एसटीत भाभीनं तिला विचारलं, नेम आला कुठून? पिढ्यान्‌पिढ्यांचा तर नव्हता. माझ्या वडलांना, तिच्या सख्ख्या भावालाही, तो माहीत नव्हता. तेव्हा आत्यानं सांगितलं. तिला नवऱ्याकडं असताना एक मुलगा झाला होता. पोराला ताप आला म्हणून गावात फिरणाऱ्या कुणा कंपौंडरनं सुई दिली आणि तिसऱ्या दिवशी पोर गेलं. कशानं गेलं कुणी सांगितलं नाही. सासूनं हिलाच बोल लावला. तिनं मनाशी धरलं, सुईनं गेलं. पाचवी पुजायची राहून गेली होती. त्यातून तिनं नेम बांधला, दुसऱ्यांची पोरं वाचवायला. मला तिनं हे कधी सांगितलं नाही. तिच्या पोटचं पोर होतं, हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतर तिनं घंगाळ सरळ केलं. पण मोल बदललं. बोलावायला आलेल्याला पहिला प्रश्न, "ती केची सुई झाली का? जन्मल्या जन्मल्या? दवाखान्यात इचारून या. न्हाई म्हणले तर आधी ती, मग माझं हात." लुगडं घेईनाशी झाली. हंड्याची अट मात्र सोडली नाही. आणि ज्या घरी जाईल तिथं, कुणी विचारो न विचारो, ओवीची गोष्ट सांगायची. नाव घेऊन सांगायची. मला हे आवडलं नाही. दुसऱ्याची पोरं नडग्यांवर घेऊन ती माझ्या नातीचं नाव घेते, हे कांद्याच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर मला दुकानात येऊन सांगायचे. त्यांच्याच हाती ती निरोपही पाठवायची. भाना बरा हाय का? मी म्हणायचो, सांगा, दुकानात गर्दी आहे.

रूपालीला पुन्हा दिवस गेले. पुन्हा मुलगी झाली. त्याच दवाखान्यात. या वेळी मी दौंडला नव्हतो. खाटेच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलो होतो. आत्याला कळवू नका, असं मी घरात बजावलं होतं. रूपालीनं हमीदाभाभीला फोन केला, हे मला आत्या दारात उभी राहिली तेव्हा कळलं.

तिला मी शेवटची पाहिली ती त्या दिवशी. पोरीची पाचवी पुजायच्या आधीच ती न्हावऱ्यात झोपेत गेली. मातीला मी गेलो, पण चेहरा पाहिला नाही. म्हणून शेवटचं पाहणं हेच.

ती वाळली होती. हातात घंगाळ नव्हतं. दाराच्या आत पाय टाकला नाही. रूपाली म्हणाली, "आत्याआजी, आत ये." मी बाहेर बघत राहिलो. तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली आणि मागं त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी आत्याला ओळखलं. 

आत्यानंच विचारलं, "बाई, म्या पाय धरू का?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली तशी ती आत आली, तिनं तळवे चोळले, गालाला लावून बघितले आणि बाळाची मांडी दोन्ही हातांत अशी धरली की सुई गेली तेव्हा पोर दचकली, पण हलली नाही. रक्ताचा एक ठिपका आला. सिस्टरनं कापूस दाबला.

"ही तीच ना?" आत्यानं विचारलं.

"तीच, आजी."

आत्यानं सिस्टरच्या हातातल्या रिकाम्या सिरिंजकडं बघितलं. "एवढुशीच व्हय?" ती म्हणाली. आणि मग पुन्हा, स्वतःशीच, "एवढुशी."

डॉक्टरीणबाई गेल्या. पोर रडून शांत होत होती. रूपाली म्हणाली, "आत्याआजी, टाळूवर हात ठेव ना. झोपेल."

आत्यानं तळवे चोळायला सुरुवात केली. खूप वेळ चोळत राहिली. मग हात बाळाच्या डोक्यावर नेला आणि वीतभर वरच थांबवला. माझ्याकडं वळली.

"भाना, ठेवू?"

मी गप्प बसलो.

गप्प कसं बसायचं ते मला तिनंच शिकवलं होतं. समोरच्याला बोलू द्यायचं. त्यानं आणखी काही म्हणावं, आणखी उतरावं, मग आपण मान हलवायची. मी खिडकीबाहेर बघत वाट पाहत होतो. तिनं अजून एकदा विचारावं. एकदाच. नाहीतर मला शिवी तरी द्यावी, तिच्या नडग्यांवरच्या पोरांना द्यायची तशी. रूपाली मला म्हणाली, "आबा." मी हललो नाही.

वळून बघितलं तेव्हा खाटेपाशी ती नव्हती, दार रिकामं होतं.

खिडकीतून ती दिसली. रस्ता ओलांडत होती, स्टँडकडं, कंपनीच्या बसगाड्या आणि मोटारसायकली चुकवत. चालताना तळवे अजून एकमेकांवर चोळत होती. पलीकडं पोचल्यावर ते तिनं स्वतःच्या गालाला लावले, गरम झालेत का बघितले आणि पदराखाली घेतले.

तिला तरी कळायला हवं होतं. पहिला भाव कधीच खरा नसतो.